वीतभर उतार आणि २८ टन पाणी

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही घरामागच्या अंगणासाठी जमिनीवर उभा करायचा गोल स्विमिंग पूल घेतला आहे. १८ फूट व्यासाचा, ५२ इंच उंच पत्र्याच्या भिंतीचा, आत लायनर, म्हणजे पाणी धरणारं प्लास्टिकचं अस्तर. खोकी येऊन पडली आहेत. पूल बसवणाऱ्यांनी जी मजुरी सांगितली ती पूलच्या किमतीच्या जवळजवळ निम्मी आहे. हे म्हणतात, “एवढे पैसे कशाला घालवायचे? पुस्तिका आहे, मी आहे, माझे दोघे भाऊ येतील. दोन दिवसांत उभा करू.” यांचा हात खरंच चांगला आहे. घरातली कपाटं, नळाची कामं तेच करतात. पण अंगणाला वीतभर उतार आहे आणि आमची धाकटी चार वर्षांची आहे. मी “माणसं बोलवू या” म्हटलं की यांना वाटतं, माझा त्यांच्यावर विश्वास नाही. काय करावं?
— एक वाचक

उत्तर

ताई,

जो माणूस घरची कपाटं बनवतो, त्याला पूलची भिंत नक्की उभी करता येईल. म्हणून उत्तर आधी देते, कारणं मागून सांगते. भिंत, लायनर, वरची कड, फिल्टरचे पाइप, हे घरच्यांनी करावं. जमीन सपाट करायला माणसं लावावीत, निदान तुमच्या अंगणाचं वर्णन वाचून मला तसं वाटतं. विजेचं काम परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनकडेच द्यावं, त्यात काटकसर नको. तुम्ही दोघं “सगळं आपण” आणि “सगळं त्यांनी” अशा दोन टोकांना उभे आहात, म्हणून वाद होतोय. काम वाटून घेतलं की मजुरीचा मोठा भाग वाचतो आणि ज्या चुका महाग पडतात त्या टळतात.

आता पाण्याचा हिशेब बघू. एक घनमीटर पाणी म्हणजे १००० लिटर, वजन १००० किलो. तुमच्या पूलचा व्यास साधारण ५.५ मीटर. त्यात १.२ मीटर पाणी भरलं की २८ हजार लिटर होतं, म्हणजे २८ टन. घट्ट, सपाट जमिनीला हे वजन झेपतं, कारण ते सगळीकडे सारखं पसरतं. गोल भिंतीलाही झेपतं. पाणी चहूबाजूंनी सारखं ढकलतं आणि पत्रा ताणला जाऊन ते पेलतो. बैलगाडीच्या चाकावर चढवलेली लोखंडी धाव ताणून बसते, अगदी तसा. बाहेरचे उभे खांब पाणी अडवतात असं पुष्कळांना वाटतं. खरी ओढ पत्रा सोसतो. खांब वरची कड धरतात आणि पत्र्याला ताठ ठेवतात.

हे सगळं “सारखं” असण्यावर अवलंबून आहे, आणि उतार नेमकं तेच बिघडवतो. पाणी आपली पातळी सोडत नाही, भिंत कलते. १.२ मीटर खोल पाण्याचा रेटा भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे ७२० किलो असतो. तुमचा वीतभर उतार २० सेंटिमीटर धरू. तो तसाच ठेवला तर वरच्या अंगाला पाणी १.१ मीटर आणि खालच्या अंगाला १.३ मीटर. रेटा खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे वरच्या बाजूला ६०५ किलो आणि खालच्या बाजूला ८४५ किलो. म्हणजे ४० टक्के जास्त. हा जास्तीचा भार उताराच्या दिशेने रात्रंदिवस ढकलत राहतो, आणि मुलांनी उड्या मारल्या की त्यात लाटांची भर पडते. बहुतेक पुस्तिकांमध्ये या कडेपासून त्या कडेपर्यंत फार तर इंचभर फरक चालेल असं लिहिलेलं असतं. तुमच्या पुस्तिकेतला आकडा आजच शोधा आणि यांना दाखवा.

आमच्या घरी हीच चूक झाली होती, ती सांगते. आमचा पूल १५ फुटी होता. खोलगट बाजूला आम्ही माती टाकली, पायांनी तुडवली, वर वाळू पसरली. पाणसळ ठेवली तेव्हा बुडबुडा अगदी मधोमध आला, आम्ही समाधानाने पाणी सोडलं. पहिले काही आठवडे काही दिसलं नाही. मग एके दिवशी लक्षात आलं की एका बाजूला पाणी कडेच्या चार बोटं खाली आहे आणि समोरच्या बाजूला वीतभर खाली. भराव बसला होता. खालच्या बाजूचे दोन खांब बाहेर कलले होते आणि पत्र्याला तळाशी पोट आलं होतं. पूल रिकामा करण्यात दीड दिवस गेला. त्या काळात मुलांना अंगणात पाऊल टाकू दिलं नाही, कारण तो पत्रा कधी सुटेल याचा भरवसा नव्हता. काढलेलं लायनर पुन्हा धड बसलं नाही, नवं घ्यावं लागलं. आणि माती तर पुन्हा खणावी लागलीच. तुमच्या पत्रातला “उतार” हा शब्द वाचला तेव्हा मला तो कललेला खांबच आठवला.

म्हणून उतार घालवायचा एकच खात्रीचा मार्ग मी सांगेन : उंच बाजू खणायची आणि सखल बाजूच्या पातळीला आणायची. सखल बाजूला भर घालायची नाही. मूळ जमीन वर्षानुवर्षं दबून घट्ट झालेली असते. ओतलेल्या मातीत पोकळ्या राहतात, पाणी मुरलं की ती खाली बसते. वाळूच्या जाड थराने उतार झाकणं हीसुद्धा भरच आहे. कडेने पाणी वाहिलं की वाळू निघून जाते.

खणायचं म्हणजे किती? पूलभोवती फूटभर जास्तीची जागा धरून २० फुटांचं वर्तुळ घ्या. गवताचा थर सोडून नुसत्या त्या वीतभर उताराचीच साधारण ३ घनमीटर माती निघेल. तिचं वजन चार ते पाच टन. २० किलोचं घमेलं धरलं तर दोनशेहून जास्त खेपा. तिघं भाऊ हे करू शकतील, पण थकलेला माणूस शेवटच्या चार सेंटिमीटरांत “चालतंय की” म्हणतो, आणि नेमके तेच चार सेंटिमीटर पुढे नडतात. माणसं लावा म्हणते ती एवढ्यासाठी. छोटं यंत्र आणि मोजमापाचं साधन घेऊन आलेला जाणकार हे काम एका दिवसात करून जातो, आणि पूर्ण बसवणीपेक्षा त्याचे पैसे बरेच कमी लागतात.

पण “वीतभर” हा तुमचा डोळ्यांचा अंदाज आहे. आधी मोजा. मधोमध एक खुंटी ठोका, तिला १० फुटांची दोरी बांधून वर्तुळ आखा. कडेवर आठ ठिकाणी खुंट्या ठोका. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाण्याने भरून घ्या; नळीत बुडबुडा राहू देऊ नका. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला येतं, त्यावरून प्रत्येक खुंटीवर समान उंचीची खूण करा आणि खुणेपासून जमिनीपर्यंतचं अंतर लिहून घ्या. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक हा तुमचा उतार. तो चार बोटांच्या आत, म्हणजे सात-आठ सेंटिमीटर निघाला, तर माझं उत्तर बदलतं : जमिनीचं कामही घरीच करा. त्याहून जास्त निघाला, किंवा जमीन नुकत्याच टाकलेल्या भरावाची असली, तर नको. ओली झाल्यावर फुगणारी आणि सुकल्यावर भेगाळणारी काळी चिकण माती असेल, तर उतार कमी असला तरी जाणकाराला एकदा दाखवा, कारण ती माती दर ऋतूत हलते.

खणण्याआधी खाली काय आहे ते माहीत हवं. सांडपाण्याचे पाइप, विजेची केबल, सेप्टिक टाकी. टाकीच्या झाकणावर २८ टन ठेवायचा विचारही नको. वरही बघा : पूलवरून विजेची तार जात असेल तर जागा बदला. पाला काढायच्या जाळीचा अॅल्युमिनियमचा दांडा लांब असतो, ओला असतो आणि तो कोणीतरी हमखास वर उचलतं. पूल उभारायला स्थानिक परवानगी किंवा कुंपणाचा नियम आहे का, हेही आधी विचारून घ्या.

गवताबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण पुस्तिकेत त्यावर फार तर एखादी ओळ असते. लव्हाळा, ज्याला नागरमोथाही म्हणतात, त्याचे टोकदार कोंब लायनरला खालून भोक पाडून वर येतात. वरचं गवत कापून उपयोग नाही, त्याच्या गाठी जमिनीत राहतात. अंगणात लव्हाळा असेल तर माती गाठींसकट काढा आणि मगच वाळू आणि जाड कापड अंथरा. हरळीची मुळंही पूर्ण खणून काढा.

जमीन सपाट झाली की प्रत्येक खांबाखाली एक सपाट फरशी किंवा काँक्रीटचा ठोकळा मातीत बसवा. ठोकळ्याची वरची बाजू जमिनीच्या बरोबरीत हवी आणि सगळे ठोकळे एकमेकांच्या पातळीत हवेत. इथे पाणसळ एका फळीवर ठेवून फळी मधल्या खुंटीभोवती फिरवत तपासता येतं. मग चाळलेल्या बारीक वाळूचा दोन इंचांचा थर. उंच बाजू खणल्यामुळे तिथे पायरी तयार होईल आणि पावसाचं पाणी त्या पायरीवरून पूलच्या बुडाशी येईल, म्हणून वरच्या अंगाने एक चर काढून पाणी बाजूला वळवा. हे काम बसवणारेही कधी कधी विसरतात.

आता यांच्या वाट्याचं काम. भिंतीच्या गुंडाळीसाठी चार माणसं लागतात, म्हणजे तिघं भाऊ आणि चौथ्या तुम्ही, आणि वारा नसलेला दिवस लागतो. रिकामी भिंत शिडासारखी वारा धरते. एकदा दुमडली की पत्र्याचा तो मोड जात नाही. भावांपैकी कोणी येऊ शकत नसेल तर दिवस पुढे ढकला, तिघांत उरकू नका. पत्र्याची दोन टोकं जिथे बोल्टने जोडतात त्या जोडावर पूल भरल्यावर एकूण जवळजवळ दोन टनांची ओढ येते. म्हणून तिथला एकही बोल्ट, एकही वायसर सुटता कामा नये. पुस्तिकेत बोल्टचं डोकं आतून की बाहेरून ते दाखवलेलं असतं, तसंच लावा. भिंतीच्या आतल्या बुडाशी वाळूची गोलाकार वरंगळ, म्हणजे भिंतीकडे चढत जाणारा उतार, करायला सांगितली असेल तर ती टाळू नका, नाहीतर भिंत आणि जमीन यांच्या फटीत लायनर रेटलं जाऊन फाटतं.

लायनर उन्हाच्या दिवशी बसवा, गरम झालं की ते मऊ पडतं. बुडावर दोन-तीन सेंटिमीटर पाणी आलं की अनवाणी पायांनी मधून बाहेर सुरकुत्या सारत जा. जास्त पाणी चढलं की त्या हलत नाहीत. स्किमर (वरवरचा कचरा ओढून घेणारं तोंड) आणि फिल्टरमधून परत येणारं पाणी यांची भोकं लायनरला कधी पाडायची हे मात्र यांना ठळक अक्षरांत लिहून द्या : पाणी त्या भोकाच्या जरा खालपर्यंत चढल्यावर, त्याआधी नाही. पाण्याने लायनर ताणून आपल्या जागी बसतं. आधी कापलं तर भोक सरकतं आणि ती चूक कशानेही भरून येत नाही. एवढं सांभाळलं तर हे काम घरच्यांना जमण्यासारखं आहे. दोन दिवसांऐवजी दोन शनिवार-रविवार हाताशी ठेवा.

तुमचा पूल गोल आहे हे बरं झालं. लांबट, अंडाकृती असता तर सगळंच काम जाणकारांना द्या असं मी सांगितलं असतं. त्याच्या सरळ बाजूंना गोलाईचा आधार नसतो. त्या बाहेर फुगू नयेत म्हणून जमिनीखालून पट्टे आणि बाहेरून तिरके टेकू द्यावे लागतात, आणि त्यांच्या मापात चूक खपत नाही. याउलट फुगवायच्या कड्याचा किंवा पाइपांच्या सांगाड्यावरचा छोटा पूल असेल, तर कोणालाही बोलावायची गरज नाही. सपाट जमीन त्यालाही हवीच.

गच्चीवर असा पूल ठेवू का, असंही वाचक विचारतात, तेही इथेच सांगते. एक मीटर खोल पाण्याचं वजन दर चौरस मीटरला एक टन. घरांचे मजले साधारण दर चौरस मीटरला १५० ते २०० किलोच्या वापराचा भार धरून बांधलेले असतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय गच्चीवर, बाल्कनीत किंवा लाकडी डेकवर पूल नको.

विजेबद्दल मी इतकी आग्रही का, ते सांगते. पंप पाण्याशेजारी चालतो आणि पूलमधल्या माणसाचं अंग ओलं असतं. ओल्या कातडीचा विजेला होणारा विरोध खूप कमी असतो. नुसतं अर्थिंग पुरत नाही. पत्र्याची भिंत, खांब, धातूची शिडी आणि पंपाची बॉडी जाड तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडावी लागतात, म्हणजे दोन धातूंमध्ये विजेच्या दाबाचा (व्होल्टेजचा) फरक राहत नाही आणि दोन्हींना एकदम हात लागला तरी शरीरातून प्रवाह जात नाही. याला बाँडिंग म्हणतात. शिवाय गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर हवा. ३० मिलिअँपिअर हा त्याचा सर्रास वापरला जाणारा आकडा आहे. तुमच्याकडच्या नियमात याहून कमी असेल तर तो पाळा. पंपाचा प्लग घरातून ओढलेल्या एक्स्टेन्शन बोर्डात एक दिवसही लावू नका. भिंत कलली तर दिसते, बाँडिंग राहून गेलेलं दिसत नाही. म्हणून हे काम हौशी हाताकडे नको, तो हात कितीही चांगला असला तरी.

आणि धाकटी. तुम्ही पत्रात तिचा उल्लेख एका ओळीत केलात, पण तुमची खरी भीती तीच आहे असं मला वाटतं, आणि ती योग्य आहे. ५२ इंचांच्या सरळ भिंतीवर चार वर्षांचं मूल सहसा चढू शकत नाही, पण पाय ठेवायला काही मिळालं तर चढतं. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकेत ४८ इंच आणि त्याहून उंच असे सुमारे ५० लाख पूल याच कारणासाठी परत बोलावण्यात आले. त्यांच्या खांबांभोवती बाहेरून एक पट्टा होता आणि त्यावर पाय ठेवून लहान मुलं वर चढत होती. नऊ बालकांच्या मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला. म्हणून पूलभोवती फिरून मुलीच्या उंचीवरून बघा : पंप, फिल्टर, कुंडी, खुर्ची, पाइपचा वळसा, काय काय पायाखाली येऊ शकतं. ते सगळं भिंतीपासून लांब हवं. शिडी उचलून ठेवता येणारी किंवा कुलूप लावता येणारी घ्या. आणि चारही बाजूंनी निदान १.२ मीटर उंचीचं कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक करा. घराची भिंत ही चौथी बाजू धरू नका, कारण मूल घराच्या दारातूनच बाहेर येतं. लहान मूल बुडताना ओरडत नाही. पाण्यात मुलं असताना एक मोठं माणूस फोन बाजूला ठेवून फक्त बघायला बसलेलं हवं. कुंपण आखायला यांना सांगा, आणि पाणी भरायच्या आत ते उभं राहिलं पाहिजे हे तुम्ही ठामपणे सांगा.

बसवणाऱ्यांकडून पुन्हा आकडा मागवताना कामं सुटी करून विचारा : फक्त जमिनीचे किती, जमीन आणि भिंत मिळून किती. जमीन खणून सपाट करणार की भर घालून, हा पहिला प्रश्न ठेवा. “थोडी भर टाकू” असं उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा. त्यांच्या कामाची हमी किती काळाची, ती लेखी आहे का, आणि पूल कलला तर पाणी काढून पुन्हा बसवणं त्या हमीत येतं का, हेही विचारा. तुमच्याकडे आलेलं हमीपत्रही वाचा. कारखान्याची हमी बहुधा पत्र्यातल्या आणि लायनरमधल्या दोषाची असते, चुकीच्या बसवणीची नसते.

यांच्याशी बोलायचं कसं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. “माणसं बोलवा” हे वाक्य काही दिवस बाजूला ठेवा. त्याऐवजी “उतार किती आहे ते आधी मोजू या” म्हणा, आणि नळीचं दुसरं टोक तुम्ही धरा. हाताने काम करणारा माणूस मापाचं ऐकतो. आठ खुंट्यांचे आकडे कागदावर आले आणि फरक २० सेंटिमीटर निघाला, तर यंत्र बोलवायची गोष्ट बहुधा तेच काढतील. तेव्हा भिंतीचं काम त्यांचंच आहे, हे तुम्ही आपणहून म्हणा.

पूल उभा राहिल्यावर पाणी एका दमात भरू नका. साध्या नळाला मिनिटाला १५ लिटर पाणी येत असेल तर २८ हजार लिटरला ३१ तास लागतात, म्हणजे तपासायला भरपूर वेळ आहे. १५ सेंटिमीटर पाणी झालं की नळ बंद करा आणि भिंतीलगत चार दिशांना खोली मोजा. फरक अडीच सेंटिमीटरांहून जास्त आला तर पाणी तेव्हाच काढून टाका आणि जमीन पुन्हा धरा. त्या टप्प्यावर काढायचं पाणी फक्त साडेतीन टन असतं. फरक त्याहून कमी असेल तर पुढे भरा, पण रात्री नळ चालू ठेवून झोपू नका. ते चार आकडे मला लिहून पाठवा.